नागीण आणि तिच्यामागून उरणारी वेदना : आयुर्वेदीय उपचार केव्हा आणि कसे करावेत

नागीण उठली की घरात दोन गोष्टी बहुधा घडतातच. आग होते म्हणून कोणी त्या जागी तेल लावते आणि ठणका लागतो म्हणून कोणी ती जागा शेकून काढते. तेल लावणे आणि शेकणे हे दोन्ही उपचार आयुर्वेदातलेच आहेत, परंतु ते या आजाराच्या उत्तरार्धासाठी आहेत. फोड ताजे असताना ते केले तर आग वाढते आणि फोड चिघळतात. याच्या उलट, खपल्या पडून दोन-तीन महिने उलटले तरी काही रुग्ण थंड लेप लावत आणि कोरडे, बिनतुपाचे अन्न खात राहतात, मग दुखणे हटत नाही म्हणून औषधाला दोष देतात. आयुर्वेदाच्या दृष्टीने नागिणीचे दोन काळ आहेत. पहिला काळ पित्त आणि रक्त बिघडल्याचा, दुसरा वाताचा. पहिल्या काळात थंडावा, हलके अन्न आणि शोधन (बिघडलेले दोष शरीराबाहेर काढणे) यांना महत्त्व, तर दुसऱ्या काळात स्निग्धता, सौम्य ऊब आणि शक्ती भरून काढण्याला. हा पालट ओळखून वेळेवर करणे हेच या उपचारातले खरे कौशल्य आहे.

आजार कसा होतो

कांजिण्या बऱ्या झाल्यानंतर त्यांचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो पाठीच्या कण्यालगत असलेल्या संवेदी मज्जातंतूंच्या गाठींमध्ये किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षे सुप्त राहतो. वाढते वय किंवा प्रतिकारशक्ती दाबणारा एखादा आजार अथवा औषध यांमुळे त्याच्यावरचा ताबा सुटला, की तो पुन्हा जागा होतो आणि एकाच मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच फोडांचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला, कण्यापासून पुढे येणारा असा दिसतो आणि सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. फोड येण्याच्या आधी साधारण एक ते पाच दिवस त्या पट्ट्यात आग, मुंग्या, खाज किंवा सुईसारखी टोचणी सुरू होते. त्या दिवसांत बाहेर काहीच दिसत नसल्यामुळे हे दुखणे कधी छातीचे, कधी पोटाचे, तर कधी कंबरेचे समजले जाते. त्यानंतर लाल चट्ट्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस उठतात. सात ते दहा दिवसांत त्यांवर खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते.

नागिणीची दोन टोके एकमेकांना मिळाली की माणूस दगावतो, ही समजूत अजून अनेक घरांत आहे आणि त्या भीतीने रुग्णाची झोप उडते. फोडांचा पट्टा एका मज्जातंतूच्या हद्दीत राहत असल्यामुळे तो शरीराला विळखा घालत नाही, एवढे रुग्णाला शांतपणे समजावून सांगावे. मात्र दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड उठले, तर प्रतिकारशक्ती फारच खालावल्याची ती खूण असते आणि अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते.

चरकसंहितेतील शोथचिकित्सेच्या अध्यायात जानव्यासारख्या पट्ट्यात उठणाऱ्या, पित्त आणि वायू यांमुळे होणाऱ्या पुटकुळ्यांना ‘कक्षा’ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये बाहू, बरगड्या, खांदा आणि काख या जागी येणाऱ्या, वेदनायुक्त, काळपट फोडांचे वर्णन त्याच नावाने येते. खांद्यावरून छातीकडे तिरपा उतरणारा नागिणीचा पट्टा पाहिलेल्या कोणालाही ते वर्णन चटकन ओळखू येईल. फोड झपाट्याने पसरत असतील, दाह तीव्र असेल आणि ताप असेल, तर वैद्य ‘विसर्प’ या त्वचेवर पसरत जाणाऱ्या व्याधीच्या चिकित्सेचा आधार घेतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २१ वा अध्याय विसर्पाचा आहे. रक्त आणि पित्त यांच्या दुष्टीशिवाय विसर्प होत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले असून बिघडणाऱ्या घटकांमध्ये तिन्ही दोषांसह रक्त, लसिका, त्वचा आणि मांस यांची गणना केली आहे. पहिल्या काळातला सगळा उपचार या एका सूत्राभोवती फिरतो.

सर्वांत आधी : पहिले तीन दिवस

कोणताही लेप कालवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, असे मी आग्रहाने सांगतो. विषाणूला आवरणारी अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलॅसायक्लोव्हिर यांसारखी औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीची वेदना कमी होते. नवे फोड येत असतील तर त्यानंतरही ती दिली जातात. या औषधांसाठी जसा भक्कम पुरावा आहे, तसा मोठ्या चाचण्यांचा पुरावा आयुर्वेदीय काढे आणि लेप यांच्यासाठी आज उपलब्ध नाही. म्हणून आयुर्वेदीय उपचार या औषधांच्या जोडीने करावेत. त्यांच्या ऐवजी करू नयेत. दोन्ही बाजूंच्या चिकित्सकांना एकमेकांची औषधे दाखवली, तर ही जोड बिनधोक जमते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो पहिल्याच भेटीत सांगावा, कारण विषाणूरोधक औषधाची मात्रा त्यानुसार बदलावी लागते.

काही लक्षणांमध्ये घरगुती उपचारात एक तासही घालवू नये. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील, डोळा लाल झाला असेल किंवा धूसर दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांनी त्याच दिवशी डोळा तपासणे आवश्यक आहे. नाकाचा शेंडा आणि डोळ्याचा अंतर्भाग यांना एकाच मज्जातंतूची शाखा जाते, त्यामुळे शेंड्यावरचा एक लहानसा फोडही दृष्टीला असलेल्या धोक्याची सूचना ठरतो. कानात किंवा कानाभोवती फोड येऊन तोंड एका बाजूला वाकडे होणे, ऐकू कमी येणे, चक्कर येणे, जांघेत किंवा गुदाभोवती फोड येऊन लघवी अडणे, हातापायातली ताकद कमी होणे, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, ही सगळी लक्षणे त्याच वर्गातली आहेत. गर्भवती स्त्रिया, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण, एचआयव्हीबाधित व्यक्ती आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांनी तर पहिला फोड दिसताच डॉक्टरांकडे जावे.

फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा कांजिण्यांची लस मिळालेली नाही, त्यांना त्या पाण्याच्या संपर्कातून कांजिण्या होऊ शकतात. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत ती जागा स्वच्छ, सैल सुती कापडाने झाकलेली ठेवावी, रुग्णाचा टॉवेल वेगळा असावा आणि नवजात बालके व गर्भवती यांना दूर ठेवावे.

पहिला काळ : दाह शमवणे

फोड उठल्यापासून खपल्या धरेपर्यंत हा काळ चालतो. या काळात तेल लावायचे नाही, शेकायचे नाही, चोळायचे नाही आणि फोड फोडायचे नाहीत. गेरू, शेंदूर, चुना, तंबाखूचे पाणी, बिब्बा यांपैकी काहीही फोडांवर घालू नये. गैरिक म्हणजे शुद्ध केलेला गेरू आयुर्वेदातल्या काही लेपांत येतो हे खरे आहे, पण उघड्या जखमेवर साधी माती थापणे ही निराळी गोष्ट आहे. त्यातून पू होण्याचा धोका असतो आणि मातीच्या थराखाली जखम कशी आहे हेही दिसत नाही. शेंदरात शिसे असते. बिब्ब्याने त्वचा भाजते, आणि आधीच दुखावलेल्या मज्जातंतूंच्या जागी असे भाजणे फार त्रासदायक ठरते.

फोड ओले असताना सर्वांत उपयोगी आणि सुरक्षित उपचार म्हणजे परिषेक, म्हणजेच थंड काढ्याने ती जागा भिजवणे. विसर्पात पंचवल्कलाचा परिषेक सांगितला आहे. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ या पाच झाडांच्या सालींची समभाग भरड पंचवल्कल या नावाने तयार मिळते. या साली तुरट असतात आणि स्राव आटवतात. सुमारे २५ ग्रॅम भरड ४०० मिलिलिटर पाण्यात घालून मंद आचेवर निम्मे पाणी उरेपर्यंत उकळावी, दुहेरी फडक्यातून गाळावी आणि काढा पूर्ण थंड होऊ द्यावा. उकळून घेतलेले स्वच्छ सुती कापड किंवा निर्जंतुक गॉझ त्यात भिजवून, हलकेच पिळून फोडांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि सुकू लागले की पुन्हा भिजवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे केले की आग निवते, लस सुकते आणि कपडा चिकटून फोड सोलण्याचा त्रास वाचतो. काढा रोज ताजा करावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये.

त्वचा फुटलेली नसेल आणि लाल, तापलेली असेल, तर लेप लावता येतो. यासाठी दशांग लेप प्रसिद्ध आहे. शिरीष, ज्येष्ठमध, तगर, रक्तचंदन, वेलदोडा, जटामांसी, हळद, दारुहळद, कोष्ठ आणि वाळा या दहा द्रव्यांचे ते चूर्ण असून ते तुपात कालवून लावतात. लेप लावण्याचे जे नियम चरकाने विसर्पाच्या अध्यायात घालून दिले आहेत, ते आजही शब्दशः पाळण्याजोगे आहेत. लेप फार पातळ नसावा आणि फार घट्टही नसावा. त्याची जाडी अंगठ्याच्या जाडीच्या एक तृतीयांश असावी. शिळा लेप वापरू नये. एकदा लावून काढलेला लेप पुन्हा लावू नये आणि जुन्या लेपावर नवा थर चढवू नये, कारण आत कोंडलेल्या उष्णतेने ओल, पसरण आणि शूळ वाढतात. कापड पसरून त्यावर लेप थापण्यालाही तिथे मनाई आहे, कारण त्याने जखमेला घाम येतो आणि घामाने नव्या पुटकुळ्या व खाज येते. लेप पूर्ण कडक होऊन ताणू लागण्याआधी परिषेकाच्या थंड काढ्याने भिजवून, न खरवडता उतरवावा. फुटलेल्या, ओल्या जागेवर चूर्णाचा कोणताही लेप मी सुचवत नाही; त्याचे कण जखमेत अडकतात आणि काढताना नवी त्वचा निघते.

ओल संपून खपली धरू लागली की शतधौत घृताची वेळ येते. विसर्पात वडाच्या कोवळ्या पारंब्या, केळीचा गाभा आणि कमळाच्या देठाच्या गाठी वाटून शतधौत घृतात कालवून लावण्याचा जुना प्रयोग आहे, पण नुसते शतधौत घृतही या टप्प्यावर पुरेसे काम करते. ते घरी करता येते. तांब्याच्या स्वच्छ परातीत सुमारे १०० ग्रॅम गाईचे तूप घ्यावे, त्यात जवळजवळ तेवढेच थंड, उकळून निववलेले पाणी घालून तळहाताने किंवा तांब्याच्या वाटीच्या बुडाने एकाच दिशेने फेटत राहावे. तूप पाण्याला धरून घेते आणि थोड्या वेळाने पाणी सुटून बाजूला होते. ते ओतून टाकावे, नवे पाणी घालावे आणि पुन्हा फेटावे. अशी शंभर आवर्तने झाली की ते ‘शतधौत’ होते. पहिल्या काही आवर्तनांत तूप कणीदार आणि पिवळसरच राहते. पुढे रंग फिकटत जातो, तुपाचा वास सरतो, आणि शेवटी लोण्याहून मऊ, पांढरेशुभ्र, बोटाला थंड लागणारे मलम तयार होते. हे काम दोन-तीन तासांचे आहे आणि आवर्तने मोजूनच करावे. शेवटचे पाणी पूर्ण निथळून घ्यावे, कारण उरलेल्या पाण्याने ते लवकर खराब होते. काचेच्या कोरड्या बरणीत थोडेच करून ठेवावे, स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे आणि वास किंवा रंग बदलला तर टाकून द्यावे. डोळ्याजवळ ते लावू नये. खपलीवर दिवसातून दोन वेळा पातळ थर दिला की खपली ताणत नाही, खाज कमी होते आणि ती आपोआप सुटते. एवढे श्रम करणे शक्य नसेल तर तयार शतधौत घृतही मिळते.

पोटातली औषधे मात्र नाडी, वय, मल आणि अग्नी पाहून वैद्यांनीच ठरवावीत. साधारणपणे या काळात कडू रसाची द्रव्ये प्रमुख असतात. गुळवेल, कडुनिंब, कडू पडवळ, अडुळसा, अनंतमूळ, मंजिष्ठा आणि त्रिफळा यांचे काढे, दाहासाठी कामदुधा किंवा प्रवाळाचे कल्प आणि शोधनासाठी निशोत्तर, बहावा अशा द्रव्यांचे मृदू विरेचन म्हणजे सौम्य जुलाब, अशी रचना असते. दाह ओसरू लागल्यावर महातिक्तक किंवा पंचतिक्त घृत देतात. जीभ पांढरी, अंग जड आणि भूक मेलेली असताना तूप देत नाहीत. विसर्पात रक्तमोक्षणाला, म्हणजे बिघडलेले रक्त काढून टाकण्याला, फार मोठे स्थान आहे. इतर सगळे उपचार एका बाजूला आणि रक्तमोक्षण एका बाजूला, इतक्या टोकाचे विधान चरकाने केले आहे. त्यासाठी आज जळवा लावतात. पण हे काम प्रशिक्षित वैद्यांनी रुग्णालयातच करायचे असून रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, पंडुरोगी (रक्त कमी असलेले), अनियंत्रित मधुमेह असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यासाठी ते योग्य नाही.

पथ्य या काळात औषधाइतकेच काम करते. जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचे किंवा मसुराचे कढण, पडवळ, दुधी, आवळा, मनुका, डाळिंब एवढ्यावर काही दिवस काढावेत. आंबट, खारट, तिखट, आंबवलेले आणि तळलेले पदार्थ, दही, लोणचे, मद्य हे वर्ज्य करावे. दिवसा झोप, ऊन, विस्तवाजवळचे काम, व्यायाम, झोंबणारा वारा आणि संताप यांनाही चरकाने याच यादीत बसवले आहे. संतापाचा उल्लेख वाचून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. वेदनेने त्रासलेल्या माणसाभोवती घरातल्यांनी शांतता राखली, तर त्याला झोप लागते, आणि झोप हीच या काळातली मोठी गरज असते. वृद्ध आणि अशक्त रुग्णांना लंघन घडवू नये. त्यांना थोडे-थोडे, पण वरचेवर खाऊ घालावे.

पालट केव्हा करावा

सर्व खपल्या गळून खालची त्वचा गुलाबी, कोरडी आणि अखंड झाली, नवा फोड नाही, ताप नाही, पू नाही, भूक परत आली आहे आणि तोंडाची कडवट चव गेली आहे, ही लक्षणे एकत्र दिसली की पहिला काळ संपला असे समजावे. बहुतेकांच्या बाबतीत याबरोबर वेदनाही ओसरते आणि मग थोड्या विश्रांतीपलीकडे काही करावे लागत नाही. काहींची वेदना मात्र मागे राहते. पुरळ उठल्यापासून ९० दिवसांनंतरही ती टिकली, तर वैद्यकात तिला नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना म्हणतात. साठीच्या पुढे, सुरुवातीचा ठणका फार तीव्र असल्यास आणि फोड पुष्कळ आलेले असल्यास तिची शक्यता वाढते.

ही वेदना पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि त्यामुळे रुग्णावर फार अन्याय होतो. त्वचा स्वच्छ असते, फार तर फिकट डाग उरलेले असतात, पण सदऱ्याची कड घासली, पंख्याचा वारा लागला, पांघरूण सरकले तरी वीज चमकावी तशी कळ उठते. कोणी सांगतो आतून निखारा ठेवल्यासारखे भाजते, कोणी सांगतो ती जागा बधिर आहे तरीही दुखते. विषाणूने दुखावलेला मज्जातंतू चुकीचे संदेश पाठवत राहतो आणि साधा स्पर्शही मेंदूपर्यंत वेदना म्हणून पोहोचतो. आयुर्वेद या बधिरपणाला, टोचणीला आणि स्पर्श न सोसण्याला वाताची लक्षणे मानतो. दाहाने रक्त आणि मांस झिजले, की त्या रिकाम्या जागी वायू वाढतो अशी त्याची मांडणी आहे. म्हणून आता स्नेह आणि पोषण लागते. घरातल्यांनी ‘जखम तर बरी झाली, मग दुखते कसे’ असे कधीही विचारू नये.

दुसरा काळ : वाताचे शमन

तेलाची निवड वेदनेच्या जातीवरून करावी. आग अजून प्रमुख असेल, तर मेण, मंजिष्ठा, राळ आणि अनंतमूळ यांनी सिद्ध केलेले पिंड तेल किंवा चंदनबलालाक्षादि तेल योग्य. टोचणी, चमका, बधिरपणा प्रमुख असतील, तर बला म्हणजे चिकणा, दूध आणि तिळाचे तेल यांपासून केलेले क्षीरबला तेल. महानारायण तेलासारखी उष्ण तेले दाह पूर्ण गेल्यावरच घ्यावीत. कापूर, निलगिरी, मिरची असलेली झोंबणारी मलमे स्वतःच्या मनाने या जागी लावू नयेत.

तेल लावण्याची रीत इथे नेहमीच्या अभ्यंगासारखी नाही. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून ते जेमतेम कोमट करावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. सुरुवात दुखऱ्या पट्ट्यावर न करता त्याच्या भोवतीच्या निरोगी त्वचेवर आणि त्याच उंचीवर कण्याच्या बाजूला करावी, कारण दुखावलेल्या मज्जातंतूचे मूळ तिथे असते. सपाट तळवा टेकवून, केसांच्या दिशेने, कण्यापासून पुढे अशी सावकाश सरकती गती ठेवावी. बोटांची टोके वापरू नयेत. रुग्णाला सोसेल तसे काही दिवसांत पट्ट्याच्या कडेवर आणि मग पट्ट्यावर यावे. हलका, अर्धवट स्पर्श या वेदनेत जास्त झोंबतो, त्यामुळे हात स्थिर, सबंध आणि किंचित वजनाचा असावा. ज्यांना हात अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी पिचू करावा. स्वच्छ कापसाचा चपटा थर कोमट तेलात बुडवून दुखऱ्या पट्ट्यावर वीस-तीस मिनिटे नुसता ठेवून द्यावा. त्यानंतर अर्ध्या तासाने कोमट पाण्याने अंघोळ करावी. ही सर्व क्रिया रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी केली तर रात्रीच्या झोपेला मदत होते, कारण ही वेदना बहुधा रात्री वाढते.

शेक द्यायचा तर दाह नसतानाच आणि फार सौम्य द्यावा. बधिर त्वचेला चटका कळत नाही, म्हणून तापमान रुग्णाने न ठरवता दुसऱ्याने स्वतःच्या हातावर पाहावे. साठेसाळीचा भात दूध आणि बलेच्या काढ्यात शिजवून केलेल्या पुरचुंडीचा स्वेद कृश, वृद्ध रुग्णांना मानवतो, पण तो चिकित्सालयात घेणे बरे.

वातासाठी बस्ती, म्हणजे गुदमार्गाने औषधी तेल किंवा काढा देणे, हा प्रधान उपचार मानला जातो आणि वेदना महिनोनमहिने चालू असेल तर माझ्या मते वैद्यांशी बोलताना सर्वांत आधी त्याचाच विचार व्हावा. थोड्या तेलाचा ‘मात्रा बस्ती’ किंवा कडू द्रव्यांनी सिद्ध दुधाचा ‘तिक्तक्षीर बस्ती’ रुग्णाच्या बळानुसार देतात. चेहऱ्यावरच्या नागिणीनंतर नस्य (नाकात औषधी थेंब सोडणे) आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार धरणे) यांची जोड देतात. डोळ्याला इजा झालेली असेल तर त्याआधी नेत्रतज्ज्ञांची परवानगी घ्यावी. पोटातून अश्वगंधा, बला, दशमूळ, शतावरी आणि क्षीरबलेचे आवर्तित, म्हणजे पुन्हा पुन्हा सिद्ध केलेले, तेल दुधातून, अशी योजना असते. आहारही आता बदलतो. भातावर, भाकरीवर तूप, कोमट दूध, उडीद किंवा मांसरस पचत असेल त्या मानाने, खजूर, गोड फळे, आणि जेवणाच्या वेळा नियमित. उपवास, जागरण, थंड वारा, कोरडे आणि शिळे अन्न टाळावे. दुखऱ्या पट्ट्यावर घट्ट पट्टे, नायलॉनचे कपडे आणि शिवणीची कड येणार नाही, असे मऊ, अंगाला बसणारे सुती वस्त्र घालावे. फार सैल कपडा सतत घासतो आणि तोच जास्त त्रास देतो.

तेल, पथ्य आणि बस्ती यांचा परिणाम आठवड्यांनी जोखावा. रोज रात्री वेदनेला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यावा आणि झोप किती लागली ते वहीत लिहावे. वेदना रोज वरखाली होते, त्यामुळे आठवणीवर विसंबले तर सुधारणा होत असूनही कळत नाही आणि होत नसली तरी उगाच वाट पाहिली जाते. चार ते सहा आठवड्यांत आकडे हलले नाहीत किंवा झोप सुधारली नाही, तर वेदनातज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि लिडोकेनची पट्टी यांनी अनेकांना आराम मिळतो. ही औषधे आणि आयुर्वेदीय उपचार एकत्र चालू शकतात, मात्र लिडोकेनची पट्टी आणि तेल एकाच वेळी एकाच जागी लावू नये. बरे वाटू लागले म्हणून गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन एकाएकी बंद करू नये; डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवतात.

औषधांबाबतची खबरदारी

वनस्पती म्हणजे निर्धोक, असे समजू नये. ज्येष्ठमध पोटातून दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. अश्वगंधा गरोदरपणात टाळावी. थायरॉइडची औषधे, झोपेची औषधे किंवा यकृताचा विकार असेल तर ती विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिनबरोबर घेतल्यास गुंगी वाढू शकते. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत, त्यामुळे स्वप्रतिकार विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार) असलेल्यांनी आणि प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःहून सुरू करू नये. गुग्गुळाचे कल्प रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर जपून द्यावे लागतात. पारा, शिसे किंवा इतर धातूंची भस्मे असलेली रसौषधे कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. ती नोंदणीकृत वैद्यांनी लिहून दिलेली, परवानाधारक उत्पादकाची आणि ठरावीक दिवसांपुरतीच असावीत. बिनलेबलाची पुडी कितीही गुणकारी असल्याचे सांगितले तरी नाकारावी. काविळीची छटा, गडद लघवी, पायावर सूज किंवा अंगावर नवे पुरळ दिसले, तर सर्व काढे थांबवून रक्ततपासणी करून घ्यावी.

नागीण एकदा होऊन गेली तरी ती पुन्हा होऊ शकते. पन्नाशीनंतरच्या व्यक्तींसाठी तिच्यावर दोन मात्रांची लस आहे. दुसरी मात्रा पहिलीनंतर दोन ते सहा महिन्यांनी घेतात. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती देता येते, मात्र चालू आजार पूर्ण ओसरल्यावर. ती केव्हा घ्यावी हे शेवटच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि घरात पन्नाशी ओलांडलेले आणखी कोणी असेल तर त्यांच्याविषयीही तेव्हाच विचारावे.